जीपमधल्या माणसाचं नाव

आये, तू गेलीस तवा मी चौथीत होते. शाळा तिथंच सुटली, म्हनून अक्षर वाकडं हाय. आता मला दीड वर्साची पोर हाय. तळवली गाव सोडून आमी पावने गावात चाळीत ऱ्हातो. तुझा जावई इथल्या कारखान्यात वेल्डिंग करतो. बंगालकडचा हाय, पन आपल्याच देशातला. तू त्याला बघितला नाहीस.

मंगळवारी सकाळी पोलीस आले. कारखान्याच्या गेटवर बंगाली बोलनाऱ्या चौघांना धरलं होतं, बांगलादेशचे म्हनून, त्यात तुझा जावई. ह्यांना गल्लीच्या तोंडाला जीपमधी बसवलेलं, तिथनं आमचं दार दिसत नाही. हवालदार दारात उभा. "तुझा नवरा इथंच राहतो म्हणतोय. त्याचं पूर्ण नाव सांग, गाव सांग. जुळलं तर इथंच उतरवतो."

मला तू दिसलीस. तू भाकरी थापतेस, मी भातुकलीतल्या खोट्या नवऱ्याला नावानं हाक मारते, नि तू पिठाचा हात तसाच माझ्या तोंडावर मारतेस. "बाईनं नाव घेतलं की पुरुषाचं आयुष्य कमी होतं." मी हवालदाराला म्हनाले, "पोरीचा बाप हाय." तो म्हनाला, "पोरीचा बाप, असं कागदावर लिहू? नाव!" मी पोरीला कडेवर घेतलं. "लाजतेस कशाला, उखाणा घे मग!" मागचा शिपाई हसला. मला लग्नातला उखाना पन आठवेना. हवालदार जीपकडं गेला नि म्हनाला, "कोणी ओळख देत नाही." मला ऐकू आलं. जीप गेली. मी स्टोवरचा भात उतरवला, पोरीला भरवला. रडू आलं नाही.

दुपारी युनियनवाले काका आले. "ऐक पोरी. का धरलं ते त्यांना सांगायला लागतं. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायला लागतं. वकील मागता येतो. परदेशी मानूस असला तरी हे हक्क हायेत, हा तर आपलाच. नि वाचून दाखवल्याबिगर कशावर सही नको." रस्ताभर मी तेच घोकत गेले. ठान्यात तोच हवालदार. "या वकिलीणबाई!" त्यानं कागद पुढं केला. मी म्हनाले, "वाचून दाखवा." त्यानं वाचला नाही, मी सही केली नाही. मग तुझ्या जावयाचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, गावासकट, मोठ्यानं. काही झालं नाही. पंखा फिरत होता. हवालदार म्हनाला, "सकाळी दातखीळ बसली होती काय? आता कोर्टात सांग."

दुसऱ्या दिवशी कोर्टात नेलं. युनियनच्या वकिलानं रेशनकार्ड दाखवलं, कारखान्याचं कार्ड दाखवलं, जामीन झाला. गावाहून शाळेचा दाखला येईस्तवर दर सोमवारी ठान्यात हजेरी. दाखला आलाच नाही तर काय, ते मी विचारलं नाही. बाहेर बूट वाजले की पोरीच्या तोंडावर हात ठेवते. ती बापाची भाषा बोलायला लागली हाय.

घरी आल्यावर ते जेवायला बसले. हातावर वळ होते. म्हनाले, "तू घर में नहीं थी ना, नाहीतर तिथंच सोडला असता." मी म्हनाले, "नळावर गेले होते." ते म्हनाले, "चलता है," नि भात मागितला.

हे तुला कुठं धाडनार. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हनून लिहिलं.