लाल लेबलं पाच हजार

२ मार्च, सकाळी ६.४०
निवृत्त होऊन आज बरोबर एक महिना. एकतीस वर्षं लेबलांच्या प्रेसमध्ये प्रूफं तपासली. जगातल्या निम्म्या बरण्या-बाटल्या माझ्या नजरेखालून गेल्या असतील. अशी नजर घरात बसून वाया घालवणं बरं नव्हे.
काल टीव्हीवर जनुकबदल पिकांचा वाद पाहिला. पहिली सात मिनिटंच, कारण नंतर हिची मालिका असते. पण विषय पूर्ण समजला. हे शास्त्रज्ञ बियाण्यात काहीतरी घुसडतात आणि पाकिटावर छापत नाहीत. छापत नाहीत! यात मी नाही पडायचं तर कोणी?
संकल्प: एक, जनुकबदलाचा कणही घरात येऊ द्यायचा नाही. दोन, रोज पाऊण तास चालणे.
इन्सुलिनची सुई टोचली. अठरा युनिट.

३ मार्च
चाललो नाही. बूट सापडले नाहीत. नंतर पायातच सापडले, पण तोवर ऊन झालं होतं.
जुन्या प्रेसमध्ये जाऊन लेबलं छापून आणली. हिरव्यावर ‘शुद्ध’. लालवर ‘जनुकबदल! सावधान!’ पन्नास-पन्नास मागितली होती. मशीनवाला म्हणाला, पाच हजारांच्या खाली मशीन सुरूच करत नाही. आणली पाच-पाच हजार. पलंगाखाली ठेवली. हिनं विचारलं, तिथल्या बॅगा आता उशाशी घेऊन झोपू का. दूरदृष्टी नाही.
सुई. अठरा.

५ मार्च
स्वयंपाकघर तपासलं. साडेतीन तास.
मीठ: हिरवं. ही म्हणाली, मिठात कसली आलीत जनुकं, ते काय झाडाला लागतं? म्हटलं, म्हणून तर हिरवं.
बिनबियांची द्राक्षं: लाल. बी गेलं कुठं?
टोमॅटो, सहाही एकाच मापाचे: लाल.
तेलाच्या डब्यामागे पुष्कळ बारीक मजकूर होता. चष्मा जवळ नव्हता. लाल.
लेक कामावरून आली, ओटा पाहिला आणि म्हणाली, बाबा, द्राक्षं नि टोमॅटो जनुकबदल केलेले नाहीत. म्हटलं, पुरावा? म्हणाली, पुरावा लेबल लावणाऱ्यानं द्यायचा असतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

७ मार्च
लेक पीक संशोधन केंद्रात आहे हे घरातलं दुखणं. चार वर्षं एका बटाट्याच्या मागे लागली आहे. रानटी बटाट्यातलं जनुक साध्या बटाट्यात घालायचं, म्हणजे करपा पडत नाही आणि फवारे कमी लागतात, असं तिचं म्हणणं. मी विचारलं, बटाट्याला विचारलंस का? हसली नाही. वातावरण हलकं करावं म्हणून तिच्या बॅगेवर एक लाल लेबल लावलं. ते तसंच घेऊन ती कामावर गेली. संध्याकाळी डोळे लाल होते. विचारलं तर म्हणाली, काही नाही. या पिढीला विनोद कळत नाही.
चाललो नाही. मनःस्थिती नव्हती. सुई, अठरा.

१० मार्च
कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. माझं नेहमीचं इन्सुलिन नव्हतं, त्यानं दुसऱ्या कंपनीचं काढलं. ठणकावून सांगितलं, मला माझं नेहमीचंच खोकं पाहिजे. त्याचं लेबल मी केलं आहे, त्यामुळे विश्वास आहे.
तो काय जाणे! त्या खोक्याचं माझ्या मंजुरीच्या सहीचं प्रूफ बाहेरच्या खोलीत फ्रेम करून लावलं आहे. कारकिर्दीतलं सर्वोत्तम काम. कंपनीनं मजकूर दिला सात ओळींचा, जागा पाचच ओळींना. सगळी प्रेस हात टेकून बसली. मी दोन कायदेशीर ओळी अशा बारीक करून तळाशी बसवल्या की मुंगीनंही भिंग मागावं. साहेबांनी पेन भेट दिलं होतं.
औषधवाल्याला लाल लेबलांचा गठ्ठा दिला. सांगितलं, दुकानात जनुकबदलाचं जे जे असेल त्यावर लावा. त्यानं विचारलं, सगळ्यावर? म्हटलं, सगळ्यावर! भीड धरू नका. तो बराच वेळ फ्रिजकडे बघत राहिला. विचारी माणूस.

१४ मार्च
आनंदाची बातमी! वाचनालयाच्या सभागृहात जाहीर चर्चा: ‘जनुकबदल अन्न: हवं की नको’. नको-च्या बाजूनं मी. हवं-च्या बाजूनं केंद्रातून जी बाई येणार आहे ती आमच्याच घरातून येणार आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. पण तत्त्वापुढे नातं नाही.
अभ्यासाला तीन जाड पुस्तकं आणली. तिन्हींची मागची पानं वाचून काढली.

२१ मार्च, दुपारी ४
भाषण तयार. मुख्य मागणी: जनुकबदलाच्या प्रत्येक वस्तूवर तसं चोवीस पॉइंटात, ठसठशीत मोठ्या अक्षरात छापा. जनतेपासून बारीक अक्षरात काही लपवणं हा गुन्हा आहे. हे वाक्य आरशासमोर म्हणताना अंगावर काटा आला.
सुई. सभेच्या गडबडीत सोळाच घेतली.

२१ मार्च, संध्याकाळी ७.३०
सविस्तर लिहायचं नाही.
लिहितो. लेक आधी बोलली. शांतपणे. म्हणाली, प्रत्येक पीक वेगळं तपासा, सगळ्यांना एकाच तराजूत तोलू नका. आणि लेबल हवं या मागणीत तथ्य आहे, असंही म्हणाली. मला वाटलं, घाबरली. मग मी. चोवीस पॉइंटाला टाळ्या. बारीक अक्षराला त्याहून जास्त. त्या भरात जाहीर केलं की या देहात जनुकबदलाचा कणही गेलेला नाही आणि जाणार नाही.
प्रश्नोत्तरं. औषधवाला उठला. हातात माझाच गठ्ठा. अगदी भाबडेपणानं म्हणाला, काका, तुम्ही सांगितलं तशी लेबलं लावायला घेतली, तर पहिलं तुमच्याच इन्सुलिनवर लागतंय. ते जनुक बदललेल्या जिवाणूंकडूनच करून घेतात. लावू का?
सभागृह हसलं. मी लेकीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. म्हणजे तिला माहीत होतं!
पण मी डगमगलो नाही. म्हटलं, मग आजपासून बंद! प्रचंड टाळ्या. मागच्या रांगेतून ही उठून उभी राहिली, ते टाळ्या वाजवायला नव्हतं.
घरी येताना लेकीला विचारलं, सभेत का नाही काढलंस? एका वाक्यात जिंकली असतीस. म्हणाली, घरातलं औषध सभेत काढायचं नसतं, बाबा. मग म्हणाली, आता सुई घ्या ना. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

२२ मार्च
सुई नाही. शरीर हलकं वाटतं. मनोबळ ही मोठी चीज आहे. डॉक्टरांना काय विचारायचं, ते त्यांच्याच बाजूचे.
पाणी तेरा ग्लास. उन्हाळा वाढला आहे.
ही सकाळपासून इन्सुलिनचं खोकं हातात घेऊन माझ्या मागे मागे. रागावली, मग रडली. कान बंद ठेवले.

२३ मार्च
सुई नाही. पाणी मोजलं नाही. दर वीस मिनिटांनी उठावं लागतं, त्यामुळे चालणं आपोआप होतं. संकल्प क्रमांक दोन सिद्धीस गेला!
लेबलावरची अक्षरं दोन-दोन दिसतात. छपाईतला दोष. मशीनवाल्याला फोन करणे.
लेकीनं रजा काढली आहे. दारात खुर्ची टाकून बसली आहे. नुसती माझ्याकडे बघते. तिला म्हटलं, बटाटे वाट बघत असतील. म्हणाली, बघू देत.

२४ मार्च
उलटी दोनदा. द्राक्षांमुळे असावी. लाल लेबल असून खाल्ली, चूक झा

२८ मार्च, हॉस्पिटल
पेन हातात धरवतं आहे. चार दिवस आठवत नाहीत. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा दिवस उशीर झाला असता तर. पुढचं बोलले नाहीत. हिला मात्र बोलून दाखवलं असावं, कारण ही माझी चादर सारखी नीट करते आणि माझ्याकडे बघत नाही. भीती वाटली. इथेच लिहितो, बोलणार नाही: खूप भीती वाटली.
दंडात सलाईन. त्यात काय काय जातं ते मी विचारलेलं नाही. नर्सनंही सांगितलं नाही.
चळवळ तात्पुरती स्थगित, तब्येतीच्या कारणामुळे. औषध हे अन्न नाही, असा एक मुद्दा सुचला आहे. पुढच्या सभेत मांडणे.

३१ मार्च, घरी, सकाळी ८
औषध हे अन्न नाही, हा मुद्दा लेकीला ऐकवला. वाद घालेल म्हणून तयारीत होतो. ती म्हणाली, बरोबर आहे, औषधाचा वाद वेगळा, अन्नाचा वेगळा, हेच तर मी सभेत सांगत होते. मग मी जरा चढलो. म्हटलं, पण फसवणूक ती फसवणूकच. कंपनीनं खोक्यावर ठळक छापायला नको होतं? अकरा वर्षं टोचून घेतो आहे, मला कुणी सांगितलं?
ती उठली. भिंतीवरची फ्रेम काढून माझ्या मांडीवर ठेवली. माझ्याच टेबलातलं भिंग दिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिनं माझ्यासमोर उभं राहायला हरकत नव्हती. पण गेली.
तळाची पहिली ओळ: थंड जागी ठेवा. दुसरी ओळ: जनुकबदल केलेल्या जिवाणूंपासून निर्मित. स्वच्छ छपाई. एकही चूक नाही.
शेजारी समासात लाल शाईत शेरा. त्याला भिंग लागलं नाही. अक्षर माझं, खाली सही माझी: ‘या ओळी कुणी वाचत नाही. आणखी बारीक करा.’
ही सुई भरून दारात उभी होती. किती, विचारलं. म्हणाली, अठरा.
शर्ट वर केला.