काकूंचा न संपणारा साठा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा विणकाम, असे लिहून ठेवतो की आज माझी बुद्धी शाबूत आहे, हात थरथरत नाहीत आणि माझ्यावर कोणाचाही दाब नाही. समोरच्या डॉक्टरांनी सकाळी येऊन तपासले. "विसरायला होतं का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना जाळीच्या विणीच्या बारा ओळी तोंडपाठ म्हणून दाखवू लागलो. चौथ्या ओळीलाच त्यांनी दाखला लिहायला घेतला.

'धंदा विणकाम' हे शब्द मी प्रथमच शाईने लिहीत आहे. चौतीस वर्षे मी न्यायालयात टंकलेखक होतो. इतरांची शेकडो मृत्युपत्रे टाइप केली. हे हाताने लिहितो आहे, कारण माझ्या टाइपरायटरचा 'त' अडकतो आणि 'त'शिवाय कोणाला मृत्यूबद्दल काही लिहिता येत नाही. तो टाइपरायटर भंगारात द्यावा.

कलम १. दोन खोल्यांचे हे घर, गॅलरीसह, आणि बँकेत जे शिल्लक असेल ते माझ्या एकुलत्या मुलीला द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. यात वाद नाही, म्हणून जास्त शाई घालवत नाही.

कलम २. पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या दिवंगत पत्नीने स्वतः विणलेले नऊ कपडे आहेत. तेही मुलीला. नऊच का, याचा खुलासा करणे भाग आहे.

माझी पत्नी लहान मुलांच्या कपड्यांच्या एका दुकानासाठी उन्हाळी कपडे विणत असे. सुती दोऱ्याची बिनबाह्यांची झबली, जाळीचे फ्रॉक, पातळ टोप्या. हे काम ऐन थंडीत चालते. लोक कानटोप्या घालून फिरतात तेव्हा आमच्या सुईवर उघड्या बगलांचे झबले असते. तेरा वर्षांपूर्वी, मी नुकताच निवृत्त झालो होतो, तिच्या बोटांचे सांधे सुजले. नेमके त्याच वर्षी दुकानाच्या मालकीणबाईंनी दुप्पट काम दिले. नाही म्हटले असते तर ते माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे गेले असते. मुळात ते काम अक्काचेच होते. माझ्या पत्नीकडे आल्यापासून दोघींत विस्तव जात नव्हता.

"तुम्ही मिनिटाला साठ शब्द टाइप करायचात," पत्नी म्हणाली. "त्या बोटांना दोन सुया जड आहेत का? बसा इथं. पण कुणाला कळता कामा नये."

मी विणलेली पहिली टोपी भोपळ्याला सैल झाली असती. दुसरी निदान टोपीसारखी दिसली. मग खिडकीला जाड पडदा लावून मी दिवसभर विणू लागलो. ती शेजारी बसून टाके मोजायची, चुकले की सुईने माझ्या मनगटावर टोचायची. शेजाऱ्यांना वाटे, निवृत्त झाल्यापासून गृहस्थ दिवसभर झोपतो. नऊ वर्षे काम माझे आणि नाव तिचे, असे चालले. मला त्याचे वाईट वाटत नसे. लग्न झाल्यापासून एवढा वेळ आम्ही कधी जवळ बसलोच नव्हतो.

चार वर्षांपूर्वी ती गेली. महिन्याभराने मी तयार झबली दुकानात पोचवली. मालकीणबाईंनी डोळे पुसत विचारले, "काकूंनी करून ठेवली होती?" मी मान हलवली आणि तिथेच फसलो. कारण सुया हातातून सुटेनात. पुढच्या थंडीत पुन्हा गठ्ठा घेऊन गेलो, त्याच्या पुढच्या थंडीतही.

"काका, काकूंचा साठा काही संपत नाही हो!"

"तिला आधीच करून ठेवायची सवय होती," मी म्हणायचो, आणि घरी आल्यावर जेवण नको व्हायचे.

गेल्या महिन्यात मुलगी माझ्याबरोबर दुकानात आली होती. पत्नीच्या मागे दुकानाचे थोडे काम परत अक्काकडे गेले होते, त्यामुळे तीही काउंटरपाशी उभी होती. तिने माझ्या गठ्ठ्यातले एक पोपटी झबले उचलले, उजेडात धरले.

"हा रंग गिरणीनं यंदा काढलाय," अक्का सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ती जाऊन चार वर्षं झाली. बाहेरून विकत आणतोस आणि मेलेल्या बायकोच्या नावावर खपवतोस? लाज कशी वाटत नाही तुला?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. "बाबा, खरं काय ते सांगा."

न्यायालयात मी पुष्कळ पडलेले चेहरे पाहिले होते. आपल्या मुलीचा पाहण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते. अक्काच्या पिशवीतून अर्धवट विणलेला फ्रॉक डोकावत होता. मी हात पुढे केला. "दे."

उभ्याउभ्या मी तीन ओळी विणल्या. एक सुलट, एक उलट, तिसरी जाळीची. गिऱ्हाइके थांबली. अक्काने चष्मा लावला आणि फ्रॉक नाकाशी धरला.

"कुणी शिकवलं?"

"तिनं. तेरा वर्षं झाली."

बराच वेळ ती ओळींवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "हे झबलंही तुझंच ना? गळा फार घट्ट घालतोस. पोरांची डोकी अडकतील."

"अहो, त्याच्या दोन तक्रारी आल्या होत्या!" मालकीणबाई ओरडल्या.

मुलगी रडत होती की हसत होती, कळेना. "मग माझ्या पिल्लूचा वाढदिवसाचा फ्रॉक?"

"मीच."

"ज्याची पाठ उसवली तो?"

"तोही मीच."

त्या दिवशी घरी येऊन मी पडदा काढला, धुतला आणि परत लावला नाही. आता गॅलरीत उन्हाला बसून विणतो. रस्त्यावरून जाणारे वर बघतात, बघू देत. किती वर्षांनी भूक लागली म्हणून जेवलो.

तर तिच्या स्वतःच्या हातचे असे ते नऊच कपडे उरले. ट्रंकेत जपून ठेवू नयेत, पिल्लूने घालून फाडावेत. आजीला तेच आवडले असते.

कलम ३. माझ्या सर्व सुया आणि निळी वही अक्काला. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी असली तरी तब्येतीने ठणठणीत आहे, तेव्हा माझ्यामागे राहील असे धरून चालतो. वहीत वर्षाची आखणी आहे : पावसाळा संपताच दोरा आणायचा, धुऊन आटवायचा, मापे घ्यायची. मूल थंडीत मोजायचे आणि उन्हाळ्यासाठी विणायचे, म्हणून उंचीत दोन बोटे वाढवायची, घेरात एक. मूल आजारातून उठलेले असेल तर उंचीत तीन, कारण बरे झालेले मूल झपाट्याने वाढते. हे माझ्या पत्नीचे अक्षर आहे. अक्काने त्यावर खाडाखोड करू नये.

पंधरा वर्षे अक्काने आमच्या घरचे पाणीसुद्धा घेतले नाही, ते मी विसरलेलो नाही. ते माफ केले असे इथे लिहिणार होतो. तिने वाचून विचारले, "माफी तू मागायची की मी, ते ठरलंय का?" ते अजून ठरलेले नाही. तोवर ती रोज चार वाजता येते, दोन कप चहा पिते आणि माझे गळे उसवते. साक्षीदार व्हायची तिला फार हौस होती. पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, हे मी जन्मभर टाइप केले आहे. त्यामुळे सध्या ती फुगली आहे.

कलम ४. यंदाच्या साठ नगांपैकी एकेचाळीस तयार आहेत. उन्हाळ्यापूर्वी माझे काही झाले तर उरलेले अक्काने पूर्ण करावेत. ऊन कोणासाठी थांबत नाही, आणि मुले तर नाहीच नाही.

कलम ५. दुकानात आमच्या कपड्यांवर 'काकूंचे काम' अशी चिठ्ठी असते. माझ्यामागेही तीच राहू द्यावी. मात्र कोणी विचारलेच, तर शिकवले तिने आणि विणले तिच्या नवऱ्याने, असे स्पष्ट सांगावे.

स्थळ : राहते घर. दिनांक : ९ जानेवारी, शुक्रवार, दुपारी साडेतीन.

(सही) लिहून ठेवणार

आम्ही दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर होतो. लिहून ठेवणाऱ्यांनी वरील मजकूर आम्हाला वाचून दाखवला. सही करण्यापूर्वी त्यांनी हातातल्या झबल्याची ओळ पूर्ण केली. आम्ही थांबलो.

(सही) समोरचे डॉक्टर
(सही) कोपऱ्यावरचे चष्मेवाले