कालव्यावरचं उभ्यानं जेवण

कुलेब्रा, पनामा
रविवार, ९ मार्च १९१३

प्रिय आई,

देवाच्या दयेने मी ठणठणीत आहे, तूही तशीच असावीस. थोडा खोकला आहे, पण तो इथे सगळ्यांनाच आहे. कालव्याच्या खोदकामातले सुरुंग आमच्यापासून बरेच लांब उडतात. शेजारच्या खाटेवरचा ऑब्रे आता नाही, त्यामुळे माझी पेटी ठेवायला जागा झाली.

अमेरिकन साहेबांचं काम मोठं नेटकं. डास संपवले, पाणी स्वच्छ केलं. गोऱ्यांच्या खाणावळीत टेबलखुर्च्या आहेत. आम्हा काळ्यांच्या खाणावळीत साधं बाकडंही नाही. ताटली हातात घेऊन उभ्यानंच खायचं. सहा वर्षं झाली, आता काही वाटत नाही.

आज चर्चनंतर मिसेस ग्रिफिथनी जेवायला बोलावलं. त्या आपल्या बार्बाडोसच्याच, इथे आमचे कपडे धुतात. मक्याच्या पिठाचा कूकू केला होता, अगदी तुझ्यासारखा. मी ताटली उचलली आणि भिंतीला टेकून खायला लागलो.

"अरे, बस की मेल्या! खुर्ची चावते का तुला?" त्या ओरडल्या.

खुर्ची माझ्यासमोरच मांडलेली होती. मला ती दिसलीच नव्हती. मी बसलो, पण ताटली हातातच धरून खाल्लं.

छप्पर अजून गळतं का? आत्याचा गुडघा कसा आहे?

वर्षभरात कालवा पुरा होईल. मग इथून लढाऊ बोटी जातील म्हणतात. जाऊ देत. मी घरी येईन.

आलो की लगेच वाढू नकोस, आई. आधी हाताला धरून मला बसव.

तुझाच,
गार्नेट