कापलेलं पहिलं पान

मामा,

तुझा पत्ताच उरलेला नाही, तरी लिहितेय. तू गेलास आणि तुझं विज्ञानकथांचं मासिक माझ्या गळ्यात पडलं. तुझी खोड सगळ्यांना ठाऊक होती. कुणाचीही कथा आली की पहिलं पान काढून टाकायचास. "गोष्ट दुसऱ्या पानावर सुरू होते," म्हणायचास. माझ्या कथेतल्या मंगळावरच्या सूर्योदयाचीही तू अशीच वाट लावलीस, म्हणून मी दोन वर्षं अबोला धरला. कथा गाजली ती तुझ्यामुळे, हे मात्र आज कबूल करतेय.

काल तुझ्या टेबलाचा खालचा खण उघडला. आत तीस वर्षांची कापलेली पहिली पानं, लेखकांची नावं घालून जपलेली. माझ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतंस, 'सुंदर आहे. काढताना जीव तुटला.' अरे, हे तोंडानं सांगायला काय झालं होतं?

आज तुझी स्वतःची शेवटची कथा छपाईसाठी वाचली. पहिलं पान फार सुंदर होतं. डोळे पुसले आणि काढून टाकलं. गोष्ट खरंच दुसऱ्या पानावर सुरू होत होती.

पान त्याच खणात आहे, माझ्या पानाशेजारी.

तुझ्याकडूनच कात्री चालवायला शिकलेली,
तुझी भाची