तुमच्या ताईचं खातं

प्रिय मेहुणे,

तुम्हाला आणि घरच्या सर्वांना नमस्कार. तुमची मान कशी आहे? माझे गुडघे आहेत तसेच आहेत. छातीत जे धडधडतं ते या पत्राच्या विषयामुळे, तेव्हा आधी पत्र पुरं वाचा आणि मग काळजी करा.

तुम्ही आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते लिनक्स घालून गेलात. हे सगळ्यांसाठी मोकळं आहे, कुणीही आत डोकावून बघावं, असं म्हणाला होतात. (कुणीही म्हणजे कोण कोण, हे तेव्हा विचारायचं राहिलं.) महिनाभर सुखात गेला. मग मुलाची कसलीशी फाइल माझ्या हातून पुसली गेली. तो म्हणाला, "बाबा, प्रत्येकाचं खातं वेगळं करा, म्हणजे तुम्ही तुमचंच काय ते उडवाल." तो कामावर गेल्यावर मी बसलो. सेटिंग्ज, मग वापरकर्ते, मग कुलूप उघडायचं बटण, मग 'नवीन वापरकर्ता'. सातवी पास माणसाच्या मानाने झकास जमलं. मुलाचं खातं होतंच, माझं केलं, आणि हात थांबेना. उभ्या जन्मात जो फॉर्म भरला त्यात माझ्या नावाखाली तुमच्या ताईचं नाव लिहिलं, तसंच इथेही लिहून मोकळा झालो. ती जाऊन दोन वर्षं झाली, हे सूनबाईंचं नाव घालताना आठवलं.

चित्र मांजराचं दिलं. (तिला मांजर आवडत नसे, पण उरलेल्यांत नुसता फुटबॉल होता.) प्रकार 'साधा वापरकर्ता' ठेवला, 'व्यवस्थापक' नव्हे; दुसऱ्यांची खाती काढून टाकणं त्याच्याच हातात असतं. खरी चूक पुढेच. पासवर्ड आत्ताच ठेवता, की पहिल्यांदा आत येताना ज्याचा तो ठेवेल, असं विचारलं. तिच्या कपाटाची किल्ली मी कधी हातात घेतली नाही, तर पासवर्ड कसा ठेवणार? म्हटलं, येईल तेव्हा ठेवेल.

दुसऱ्या दिवशी तिच्या नावावर टिचकी मारून पाहिली. नवा पासवर्ड ठेवा, असं म्हणायला हवं होतं. उलट आधीच ठेवलेला पासवर्ड मागितला. वापरकर्त्यांची यादी उघडली तर तिच्या नावापुढे शेवटचा प्रवेश, आदल्या दिवशी दुपारी तीन दहा. तुम्हाला ठाऊकच आहे, ती दुपारची आडवी होऊन बरोब्बर तीन दहाला उठायची, घड्याळ न बघता. तेव्हापासून रोज तीन दहा. त्या वेळी घरात मी एकटा, बाहेरच्या खोलीत, तोंडावर पेपर घेऊन. परवा मुद्दाम जागा राहिलो. आत खुर्ची सरकली, मग बटणं वाजली, एका बोटाने, सावकाश. जाऊन बघतो तर खुर्ची रिकामी, पण टेबलाला अगदी चिकटवलेली. (तिचे हात आखूड होते.)

सूनबाई म्हणतात, "बाबा, तुम्हीच करता आणि विसरता." मुलगा म्हणतो, रविवारी ते खातं काढूनच टाकतो. काढताना ते विचारतं, फाइली ठेवायच्या की त्याही नष्ट करायच्या? मेहुणे, तिने आत काय लिहून ठेवलंय ते न वाचता नष्ट कसं करायचं? तेव्हा रविवारच्या आत या आणि पोराला आवरा.

तुमचा,
दाजी

ता.क. पासवर्ड म्हणून माझी जन्मतारीख, लग्नाची तारीख, मुलाचं टोपणनाव घालून पाहिलं. तुमचंही नाव घातलं. नाही.

ता.क. २. घरी बसून आमचा कॉम्प्युटर चालवता येतो, असं तुम्ही म्हणाला होता. तुम्हीच हे करत असाल तर मला सांगू नका, आणि थांबवूही नका. खुर्चीचं मी माझ्या कानांवर ढकलीन. फक्त मुलाचा खाती काढून टाकायचा अधिकार तेवढा गुपचूप काढून घ्या. खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता.क. ३. काल तीन दहाला तर तुम्ही दवाखान्याच्या रांगेतून माझ्याशी फोनवर मानेचं बोलत होता. यादीत काल आहेच.

येऊ नका. आत्ताच पुन्हा पाहिलं. तिच्या नावाखाली 'व्यवस्थापक' आलंय, मुलाच्या आणि माझ्या नावाखाली 'साधा वापरकर्ता'. ती असताना घरात हेच होतं. आणि मांजराच्या जागी फुटबॉल आहे.