सापडलेल्या नाण्यांचा वारस

मी, कवडू फकिरा तितिरमारे, वय सत्तावन्न, अविवाहित, भिलाईत संस्कृत शिक्षक, राहणार मोहन नगर, दुर्ग, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. शुद्धीची शंका असल्यास कोणताही धातू दहाही लकारांत चालवून दाखवीन. पोलाद सोडून, तो धातू माझा धाकटा भाऊ कमलेश प्लांटात चालवतो.

1. मोहन नगरचे घर कमलेशची पत्नी गुंजन हिच्या एकटीच्या नावे. कमलेशने तिथे राहावे, ते गहाण ठेवू नये. कारण पुढे येते.

2. पुस्तके शाळेला. कोश कमलेशला, त्यात 'उपसर्ग' पाहावा. शब्दाच्या आधी येऊन चिकटतो तो उपसर्ग, आणि पीडा देतो तोही उपसर्गच. पुढच्या कलमातल्या 'रिकव्हरी'तला 'रि' दोन्ही अर्थांनी आहे.

3. गेल्या वर्षी कमलेशने मोबाईलवरच्या बनावट कंपनीत क्रिप्टोची नाणी घेतली. त्याचे पॅन कार्ड हरवलेले, म्हणून खाते माझ्या नावे. कंपनी पळाली. पोलिसांत तक्रार झाली. मग न बोलावता एका 'रिकव्हरी एक्स्पर्ट'चा, म्हणजे बुडालेले परत मिळवून देतो म्हणणाऱ्याचा, फोन आला. कमलेशने तो स्पीकरवर लावला.

"दादा, नाणे भेटले म्हनते! फक्त फीस आधी भरा लागते. मोहन नगरचं घर गहाण ठेवू ना!"

"भेटले त त्यातूनच काटून घे म्हना."

एक्स्पर्ट म्हणाला, "सर, सिस्टम में ऑप्शन नहीं है."

गुंजन भाकर थापता थापता बोलली, "पयल्यानं ताला तोडला, हा चाबी इकून राहिला."

फोन कटला. कमलेश मात्र अजून म्हणतो, "एखादा खरा बी असन ना, दादा." माझ्या मागे त्याला अडवणार कोण?

4. सबब लिहून ठेवतो: जो शंभर टक्के हमी देतो, पासवर्ड मागतो, कोणाला सांगू नका म्हणतो आणि शुल्क आधी घेतो, तो पहिल्या चोराचाच सोयरा.

5. सदर नाणी कागदोपत्री माझी. पोलिसांनी वा न्यायालयाने मिळवून दिल्यास ती गुंजनची. अन्य जो कोणी 'सापडली' असे कळवील, त्यालाच मी ती सर्व अर्पण करतो. शुल्क त्यातून वळते करून उरलेली त्याने सुखाने भोगावीत. कमलेशने फोनवर एवढेच म्हणावे: "बधाई हो साहेब, सब आपका है."

कमलेशने हे कलम मोठ्याने वाचले व विचारले, "दादा, तू मरेपर्यंत थांबा लागते का?"

एवढे एक कलम आजपासूनच लागू.

सही: कवडू फकिरा तितिरमारे
आमच्यासमोर सही झाली:
नागसेन मेश्राम, शेजारी
समीक्षा हटवार, सहशिक्षिका
सेक्टर 10, भिलाई. 9 नोव्हेंबर 2024