चमकीची बाजू

अब्बासिया, कुवेत
१२ जानेवारी २०२४

ती. सौ. सुरेखाताई हिस,
स्वानंदचा शि. सा. न. वि. वि.

फोन हाताशी असताना हा माणूस कागद का काळे करतोय, असं तुझ्या मनात आलं असेल. कारण असं की, फोन तू स्पीकरवर ठेवतेस आणि तुझं व्हॉट्सअॅप तुझ्याआधी आई वाचते. गुपित ठेवायचं तर पत्राशिवाय गत्यंतर नाही. आमच्या इमारतीखालच्या बकाल्याचे, म्हणजे वाणसामानाच्या दुकानाचे मुझफ्फरभाई सुट्टीवर रत्नागिरीला चाललेत, ते हे तिथून पोस्टात टाकतील.

तर तुझा भाऊ कलावंत झाला आहे. हसून झालं की पुढे वाच. लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या कवळ्या आणि दातांच्या कॅप करणं हा माझा धंदा. गेल्या वर्षी ग्राझिएला नावाच्या इटालियन बाईंची कॅप केली. त्यांचे यजमान इथे रिफायनरीत इंजिनियर आहेत आणि बाई स्वतः त्यांच्याकडच्या जुन्या पद्धतीने मोझेक करतात, म्हणजे रंगीत काचेचे बारके तुकडे जुळवून चित्र. पांढऱ्याच्या इतक्या छटा ओळखणारा माणूस नुसत्या दातांवर फुकट चाललाय, असं त्या म्हणाल्या. माझ्याबद्दल इतकं बरं आजवर कोणी बोललं नव्हतं, त्यामुळे मी लगेच विरघळलो आणि दर शुक्रवारी फिंतासला त्यांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसायला लागलो.

काच इटलीहून जाड वड्यांसारखी येते. लाकडाच्या ओंडक्यात छिन्नीचं पातं वर तोंड करून रोवलेलं असतं, त्यावर वडी धरायची आणि वरून हातोडीचा ठोका द्यायचा. आईच्या विळीचीच तऱ्हा. सुरुवातीला मी काचेपेक्षा स्वतःलाच जास्त कापलं. घरी सराव करायला बसलो तर इमारतीचा इजिप्शियन हारिस, म्हणजे रखवालदार, मी फरशा फोडतोय असं समजून थेट मालकालाच घेऊन आला. पहिला पक्षी पुरा झाला तेव्हा आमच्या सौ. सुरुचीने इस्त्री छान जमलीय म्हणून कौतुक केलं आणि आमच्या अक्षदाने इंग्रजीत विचारलं की हिची वायर कुठे आहे.

आता मुद्दा. एप्रिलमध्ये आईची पंचाहत्तरी आहे. मला तिचा चेहरा करायचाय, भिंतीत कायमचा बसेल असा. लकवा झाल्यापासून तिने एकही फोटो काढू दिलेला नाही. तुझ्या अभिनवच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवऱ्या मुलाची आजीच नाही, हे मला अजून टोचतं. तिने पुन्हा एकदा चारचौघांत स्वतःकडे नीट बघावं, एवढंच हवंय. चोरून काढलेला का होईना, तिचा एखादा फोटो असेल तर पाठव.

तुझ्या लोभावर लहानपणापासून हक्काने डल्ला मारत आलोय, यापुढेही मारू द्यावास.

तुझा,
स्वानंद

मिरज
३ फेब्रुवारी २०२४

चि. स्वानंद यास,
सुरेखाताईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. आईने पाकीट पाहिलंच. मुझफ्फरभाईंनी दुकानाच्या उधारीबद्दल लिहिलंय असं काहीबाही सांगितलं, तर तुझी परदेशात उधारी झाली या काळजीने ती दोन दिवस जेवली नाही. यापुढे पत्रं मी शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर पाठव.

लहानपणी शाळेत तू काढलेलं गाढव बाईंनी टेबल म्हणून भिंतीवर लावलं होतं, ते तू विसरला असशील, मी नाही. तरी पत्र वाचून बरं वाटलं, हे कबूल करते. सोबत फोटो आहे. ती शेंगा सोलत होती आणि मी खिडकीतून काढला. समोरून आलाय, नाकातली चमकीसुद्धा दिसते, आणि तोंडाचा डावा कोपरा खाली कललेलाही दिसतो.

एवढं ऐक, तो कोपरा सरळ कर. लोकांची तोंडं नीट करणं हाच तुझा धंदा. अभिनवच्या लग्नात फोटोग्राफरने काढलेला एक फोटो तिला लगेच कॅमेऱ्यात दाखवला होता. तिने पदर तोंडावर ओढला आणि म्हणाली की ही बाई मी नव्हेच. भर समारंभात पुन्हा तसं झालं तर मला सोसायचं नाही. गंमत म्हणजे घरी रोज सकाळी ती आरशासमोर बसून निवांत वेणीफणी करते, कुंकू रेखते, तेव्हा तिला कशाचं काही वाटत नाही. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

बोटं सांभाळ. सुरुचीला आणि अक्षदाला माझी आठवण सांग, आणि ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुरेखाताई

अब्बासिया, कुवेत
१५ मार्च २०२४

ती. सुरेखाताई हिस,
शि. सा. न. वि. वि.

आई तयार झाली. सुरुचीच्या वॉर्डातली नर्स शाझिया सुट्टीवर निघालीय, तिच्या सामानातून पाठवतोय. अभिनव मुंबईला विमानतळावर घेईल.

पार्सल उघडलंस तर घाबरू नकोस, तुला फक्त काचेची पाठ दिसेल. चित्राच्या कागदावर तुकडे पालथे चिकटवलेत. भिंतीवर ओलं सिमेंट फासून त्यात हे दाबायचं, कागद आपल्या बाजूला ठेवून. सिमेंट धरलं की कागद ओल्या स्पंजने भिजवून सोलायचा, की आत आई. तोवर मलाही ती नीट दिसणार नाही. ग्राझिएलाबाई मुलीच्या बाळंतपणासाठी इटलीला गेल्यात. जाताना तीनतीनदा बजावून गेल्या की उलटसुलटकडे लक्ष ठेव. मी मनात हसलो. दातांचे साचे करणाऱ्याला उलटसुलट काय शिकवायचं? साच्यात सगळं उलटं उमटतं आणि त्यात प्लास्टर ओतलं की आपोआप सुलट होतं, डावी दाढ बरोबर डावीकडेच येते. त्यामुळे मी फोटोवरून जसंच्या तसं चित्र काढलं आणि बसलो चिकटवत.

तोंडाच्या कोपऱ्याचं मात्र ऐकलं नाही. सरळ करून पाहिला, पण समोर कुणी भलतीच बाई आली, नीटनेटकी आणि परकी. रागाने सगळे तुकडे खरडून काढले. ताई, मला आई करायचीय, कवळी नव्हे. तिला आवडलं नाही तर दोष सर्वस्वी माझा, तू हात झटकून मोकळी हो. इथे तीन दिवस धुळीचं वादळ आहे आणि मी दारंखिडक्या लावून शेंगा सोलणाऱ्या बाईकडे बघत बसलो होतो. लकव्याच्या वेळी रजा मिळाली नव्हती. तेव्हा बघायचं राहिलं ते आता बघून घेतलं.

रागावलीस तरी चालेल, पण राग पत्रातूनच पाठव.

तुझा,
स्वानंद

मिरज
२० एप्रिल २०२४

चि. स्वानंद यास,
अ. उ. आ.

फोनवर मी दोन वेळा विषय टाळला तो अशासाठी की आई समोरच बसलेली असते. आता सविस्तर लिहिते.

हॉलच्या भिंतीवर गवंड्याकडून दोन दिवस आधी बसवून घेतलं, वर चादर टाकली. पंचाहत्तरीच्या दिवशी औक्षण झालं, मग सगळ्यांसमोर अभिनवने कागद भिजवून सोलला. काम सुंदर आहे रे. गालावरचे पांढरे, पिवळसर, गुलाबी तुकडे असे बसलेत की कातडी ऊबदार वाटते. हे मनापासून लिहितेय, म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

शीलामावशी म्हणाली की आहे आमची कमलच, पण काहीतरी चुकतंय. अभिनवला चूक सापडली आणि तो हसत सुटला. चमकी उजव्या नाकपुडीत आहे. पदर उजव्या खांद्यावर. कललेला कोपराही उजवीकडे. आपली आई, पण अख्खी उलटी. मग सगळेच हसले, मीही हसले, आणि लगेच लाज वाटली.

आई हसली नाही. खुर्ची ओढून भिंतीसमोर बसली आणि सगळ्यांनी जेवून घ्या म्हणाली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ती खुर्ची तिथेच आहे. विचारलं तर शेंगा निवडायला घेते. मला भीती वाटते की आपण तिला फार दुखावलंय.

कळव काय करायचं ते. तुझ्यावरची माया तशीच आहे, फक्त सध्या काळजीखाली दबलीय.

तुझी,
सुरेखाताई

अब्बासिया, कुवेत
२ मे २०२४

ती. सुरेखाताई हिस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र लॅबमध्ये वाचलं आणि हातातला साचा खाली ठेवला. दातांचं काम दोनदा उलटतं म्हणून सुलट होतं. कागदावरचं एकदाच उलटतं. मूळ चित्रच आधी उलटं काढायला हवं होतं, आणि बाई तेच सांगत होत्या. त्यांना इटलीला फोन केला. त्या इतका वेळ हसल्या की मागे बाळ रडायला लागलं. मग म्हणाल्या, ही चूक प्रत्येक शिकाऊ एकदा करतोच, फक्त लोक ती माशावर करतात, आईवर नाही.

जिला फोटोत स्वतःला बघवत नव्हतं तिला मी भिंतीवर कायमची वाकडी चिकटवली. इतका शहाणा माणूस आपल्या घराण्यात याआधी झाला नसेल. हे पत्र आईलाच वाचून दाखव, आता गुपित कसलं उरलंय. तिने सांगावं, मी जूनमध्ये येतो आणि माझ्या हाताने छिन्नीने काढून टाकतो. तिला म्हणावं, माफ कर.

लोभाची मागणी या वेळी करत नाही, तेवढी लायकी राहिलेली नाही.

स्वानंद

मिरज
१४ मे २०२४

चि. स्वानंद यास,
आईचे अ. उ. आ.

सुरेखाने तुझं पत्र वाचून दाखवलं. मग मी चष्मा लावून स्वतः वाचलं, कारण ती मधली वाक्यं गाळते. उधारीची थाप होती हे तिने कबूल केलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

आता नीट ऐक. छिन्नी घेऊन आलास तर दारातूनच परत पाठवीन. तुम्ही सगळे हसलात, पण त्या भिंतीवर काय आहे ते त्या दिवशी एकट्या मला कळलं. मी रोज आरशात वेणी घालते. तिथल्या बाईची चमकी भिंतीवरच्यासारखी याच बाजूला असते, पदर याच खांद्यावर, आणि लकव्यानंतर तिचं तोंडही इकडेच कललं. तिची मला सवय झाली, आमचं बरं जमतं. फोटोतल्या बाईचं तोंड मात्र आरशाच्या उलट बाजूला कललेलं. मला वाटायचं, देवा, लोकांना दिसते तेव्हा माझं आणखी काहीतरी बिघडलेलं असतं, जे आरसा माझ्यापासून लपवतो. म्हणून पदर ओढायची. हे कुणाला सांगायचं कसं, ते कळत नव्हतं. तू चुकलास म्हणून तर मला मी सापडले. कोपरा सरळ केला असतास तर मीच हातोडी मारली असती.

लकव्याच्या वेळी येता आलं नाही ते मनातून काढून टाक. आता आलास की माझ्या हातची वांग्याची भाजी खा, तुझ्या बाईंना वाळलेल्या शेंगा पाठवते त्या घेऊन जा, आणि त्यांना सांग की माशापेक्षा आई बरी झाली.

सोबत फोटो पाठवते. मीच सुरेखाला काढ म्हटलं. भिंतीजवळ उभी राहिले तर दोघींची तोंडं एकमेकींकडे कललेली आली, जणू तुझ्याबद्दलच काहीतरी कुजबुजतोय. अभिनवच्या अल्बमलाही एक दिलाय. दोघी आहोत त्यात, तुला हवी ती आई ठेवून घे.

तुझी,
आई